मितीची परीक्षा व संभाव्यतेचे गणित
(आष्टी येथील एका कागदाच्या निमित्ताने)

परतूर तालुक्यातील आष्टी या गावी एका जुन्या घराण्यात असलेला एक मोडी कागद सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे परीक्षेसाठी आला होता. देवस्थानच्या जमिनीतील वाटण्यांसंबंधी तो होता. घराण्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. कागद मूळ नसून नक्कल होता, हे अक्षरवळणावरून व कागदाच्या पोतावरून उघड दिसत होते. शक व संवत्सर एकमेकांशी जुळत होते. मास, पक्ष व तिथी स्पष्ट होत्या. वार मात्र 'सोमवासरे' असा होता आणि जंत्री पाहता त्या तिथीस बुधवार येत होता. आम्ही जंत्री मिटली व घरधन्यास सांगितले की, कागद बनावट दिसतो. त्या वेळी आमच्या मनात यत्किंचितही शंका नव्हती. उलट, गणिताने सिद्ध झालेली गोष्ट सांगितल्याचे एक समाधानच होते.

पुढे काही वर्षांनी त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे त्याच लेखाची आणखी एक नक्कल पाहावयास मिळाली. तीत 'सौम्यवासरे' असे स्वच्छ लिहिले होते. सौम्य म्हणजे सोमाचा पुत्र, अर्थात् बुध. पहिल्या नकलकाराने 'सौम्य'चा 'सोम' केला होता, एवढाच काय तो दोष. ज्याने आयुष्यभर मुलांना अमरकोश पाठ करविला त्यास ही गोष्ट सुचू नये, याची लाज आम्हांस आजही वाटते. दुसऱ्या नकलेचा शेवटचा बंद गहाळ आहे. साक्षीदारांची नावे त्या बंदावर असणार. ती नावे पहिल्या कागदात होती. परंतु 'बनावट' ठरलेला तो कागद घरच्यांनी जुन्या निर्माल्याबरोबर पाण्यात सोडला होता आणि आम्ही ती नावे उतरूनही घेतली नव्हती.

आमच्या हातून नेमकी कोणती चूक झाली, हे पुष्कळ दिवस आमचे आम्हांसच नीट मांडता येत नव्हते. वार चुकला होता हे खरे. खोट्या कागदात वार बहुधा चुकतो हेही खरे. मग निष्कर्ष खोटा कसा ठरला? याचे उत्तर जंत्रीत नाही; ते संभाव्यतेच्या अगदी प्राथमिक गणितात आहे. ते गणित कोष्टक मांडून, अंश व छेद कोणते हे पाहून, कोणासही करता येते. संशोधकांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे मांडतो.

प्रथम गावाच्या नावासंबंधी दोन शब्द. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. ज्या आष्टीच्या लढाईत दि. २० फेब्रुवारी १८१८, शुक्रवारी, बापू गोखले पडले ती सोलापूर जिल्ह्यातील. बीड जिल्ह्यातील आष्टी हे तालुक्याचे ठिकाण आहे. १९४२ च्या ऑगस्टातील उठावामुळे प्रसिद्धीस आलेली आष्टी वर्धा जिल्ह्यातील. गडचिरोली जिल्ह्यातही एक आष्टी आहे. आमची आष्टी पूर्वी निजामाच्या मुलखात होती. नंतर परतूर तालुक्यासह परभणी जिल्ह्यात राहून दि. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्यात आली. आता एखाद्या सुट्या कागदात नुसते 'मौजे आष्टी' एवढेच आले, तर ती आमची असण्याची संभाव्यता किती? पाच गावे मोजली म्हणून एकपंचमांश, असे उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु पाच पर्याय असणे आणि पाचही पर्याय सारख्याच बळाचे असणे, या भिन्न गोष्टी आहेत. पेशव्यांच्या दप्तरातील कागद असेल तर एका आष्टीचा संभव जास्त, हैदराबादेकडील फसली सनाचा कागद असेल तर दुसरीचा. फाशाच्या सहा बाजू सारख्या घडविलेल्या असतात म्हणून तेथे षष्ठांश म्हणता येते. गावे कोणी फाशासारखी घडविलेली नाहीत. तेथे मोजणीच केली पाहिजे.

मोजणी म्हणजे काय हे दाखविण्यास कल्पित आकडे घेण्याऐवजी कोणाच्याही घरच्या भिंतीवर असणारी सामग्री घेऊ. शके १९३३ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे इ. स. २०११ ते २०२५, या पंधरा वर्षांचे वर्षप्रतिपदेचे दिवस येणेप्रमाणे :

| शके | चैत्र शुद्ध १ | वार | अधिक मास |
|---|---|---|---|
| १९३३ | ४ एप्रिल २०११ | सोम | — |
| १९३४ | २३ मार्च २०१२ | शुक्र | भाद्रपद |
| १९३५ | ११ एप्रिल २०१३ | गुरु | — |
| १९३६ | ३१ मार्च २०१४ | सोम | — |
| १९३७ | २१ मार्च २०१५ | शनि | आषाढ |
| १९३८ | ८ एप्रिल २०१६ | शुक्र | — |
| १९३९ | २८ मार्च २०१७ | मंगळ | — |
| १९४० | १८ मार्च २०१८ | रवि | ज्येष्ठ |
| १९४१ | ६ एप्रिल २०१९ | शनि | — |
| १९४२ | २५ मार्च २०२० | बुध | आश्विन |
| १९४३ | १३ एप्रिल २०२१ | मंगळ | — |
| १९४४ | २ एप्रिल २०२२ | शनि | — |
| १९४५ | २२ मार्च २०२३ | बुध | श्रावण |
| १९४६ | ९ एप्रिल २०२४ | मंगळ | — |
| १९४७ | ३० मार्च २०२५ | रवि | — |

या यादीतून पाडवा मार्चात की एप्रिलात, आणि वर्ष अधिक मासाचे की साधे, एवढ्या दोनच गोष्टी उचलल्या म्हणजे पंधरा ओळींचे चार घरांत संक्षेपण होते :

| | अधिक मास आहे | अधिक मास नाही | एकूण |
|---|---|---|---|
| पाडवा मार्चात | ५ | ३ | ८ |
| पाडवा एप्रिलात | ० | ७ | ७ |
| एकूण | ५ | १० | १५ |

यांतून डोळे मिटून एक वर्ष काढले तर ते अधिक मासाचे असण्याची संभाव्यता १५ पैकी ५, म्हणजे एकतृतीयांश. पाडवा मार्चात असण्याची १५ पैकी ८. दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची १५ पैकी ५. येथपर्यंत छेद सर्वत्र १५ आहे, कारण अजून आपणांस काहीच ठाऊक झालेले नाही. आता कोणी सांगितले की, 'निवडलेल्या वर्षी पाडवा मार्चात होता.' हे ऐकताच खालची ओळ बाद झाली. उरली आठ वर्षे, त्यांतील पाच अधिक मासाची. तेव्हा संभाव्यता ८ पैकी ५. उलटपक्षी कोणी सांगितले की, 'वर्ष अधिक मासाचे आहे,' तर उजवीकडचा रकाना बाद झाला. उरली पाच वर्षे, आणि त्या पाचांतही पाडवा मार्चातच. संभाव्यता ५ पैकी ५, म्हणजे पूर्ण निश्चय.

अंश दोन्हीकडे तोच, पाच. छेद मात्र एकीकडे आठ, दुसरीकडे पाच. जी माहिती हाती आली ती छेद ठरविते. जे विचारावयाचे ते अंश ठरविते. 'मार्चातला पाडवा असता अधिक मास' आणि 'अधिक मास असता मार्चातला पाडवा' हे दोन प्रश्न शब्दांनी जवळजवळ सारखे व अर्थाने अगदी वेगळे आहेत.

आमच्या नैयायिकांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती त्यांनी मान्य केली. पण जेथे अग्नी तेथे धूर, ही मानली नाही. लोहाराच्या भट्टीतून नुकताच काढलेला लोखंडाचा तप्त गोळा पाहा : त्यात अग्नी आहे, धूर नाही. वरच्या कोष्टकातील ती तीन वर्षे (शके १९३६, १९३९ व १९४७) ही असेच तप्त गोळे होत. पाडवा मार्चात आहे, अधिक मास नाही. न्यायशास्त्राने व्यभिचार आहे एवढे सांगितले व तेथे थांबले; व्यभिचार किती, आठात तीन की आठशेंत तीन, हा प्रश्न त्याने विचारला नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाशाच्या प्रकरणी अंकांचे किती भेद होतात हे मोजले आहे, म्हणजे अर्धी वाट चाललेली आहे. पण त्या भेदांपैकी अमुक एक घडण्याचा संभव किती, हे गणित तेथे नाही. ते युरोपात पास्काल व फर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारापासून, म्हणजे महाराजांच्या ऐन उमेदीच्या काळात, पद्धतशीरपणे सुरू झाले, आणि तेही जुगाराच्या निमित्ताने. असो.

चार घरांतील शून्याविषयी एक सूचना केली पाहिजे. पंधरा वर्षांत एकदाही घडले नाही म्हणून एप्रिलातील पाडव्याच्या वर्षी अधिक मास पडणे अशक्यच, असे केवळ कोष्टकाच्या बळावर म्हणता येत नाही. येथे मात्र त्यामागे कारण आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्षाहून अकरा दिवसांनी आखूड. त्यामुळे पाडवा दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो व अधिक मास त्यास पुन्हा एकोणीस दिवस पुढे ढकलतो. मागे सरकून सरकून पाडवा मार्चाच्या मध्याकडे आला म्हणजेच अधिक मासाची वेळ येते. कारण ठाऊक असलेले शून्य व कारण न कळलेले शून्य यांत अंतर आहे. एकोणीस वर्षांत सात अधिक मास हा जुना ठोकळा मानला तर प्रमाण १९ पैकी ७ पडते. आमच्या यादीत १५ पैकी ५. फरक फार नाही, पण आहे, आणि तो यादी लहान असल्याचा आहे.

वारांच्या बाबतीत लहान यादीचा दोष अधिकच दिसतो. पंधरा पाडव्यांत शनिवार व मंगळवार प्रत्येकी तीन, रवि, सोम, बुध व शुक्र प्रत्येकी दोन, गुरुवार एकच. यावरून 'गुरुवारी पाडवा क्वचित् येतो' असा सिद्धांत कोणी काढील तर ते हास्यास्पद होईल. पंधरास सातांनी भागच जात नाही, मग वाटणी सारखी व्हावी कशी? मोठी मोजणी पाहावयाची तर इंग्रजी पंचांगाचे चारशे वर्षांचे आवर्तन घ्यावे. चारशे वर्षांचे दिवस १,४६,०९७. म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे. नंतर तेच वार पुन्हा त्याच क्रमाने येतात. या चारशे वर्षांत महिने ४,८००. प्रत्येक महिन्याच्या तेराव्या तारखेचा वार मोजला तर शुक्रवार ६८८, रवि व बुध ६८७ प्रत्येकी, सोम व मंगळ ६८५ प्रत्येकी, गुरु व शनि ६८४ प्रत्येकी. बेरीज ४,८००. तेरावा शुक्रवार अशुभ मानणाऱ्या पाश्चात्त्यांना तो इतरांहून किंचित् अधिक वेळा भेटतो ही गंमत सोडली, तर प्रत्येक वाराचा वाटा सप्तमांशाच्या अगदी निकट आहे. तेव्हा ज्याने जंत्री न पाहता केवळ मनाने वार लिहिला त्याचा वार बरोबर येण्याची संभाव्यता सातांत एक, हे धरून चालण्यास हरकत नाही.

मात्र 'मनाने लिहिला' ही अट महत्त्वाची. वरच्या यादीत एका पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत वार किती सरकला ते वाचकांनी स्वतः मोजून पाहावे. असे चौदा टप्पे आहेत. साध्या वर्षांचे नऊ : त्यांत सहा वेळा वार चारांनी पुढे गेला, तीन वेळा पाचांनी. अधिक मासाच्या वर्षांचे पाच : पाचही वेळा सहांनी. चौदांपैकी एकदाही वार तोच राहिला नाही. कारणही सरळ आहे : ३५४ दिवसांस सातांनी भागता बाकी चार, ३५५ स पाच, ३८४ स सहा. म्हणजे गेल्या वर्षीचा वार ठाऊक असता या वर्षीच्या वाराची संभाव्यता सातांत एक उरतच नाही. चार वार जवळजवळ बादच होतात. संशोधकाला याचा मोठा उपयोग आहे. नकलकाराने शकाचा आकडा एकाने चुकविला व वार मूळचाच ठेवला, तर वाराच्या परीक्षेत ती चूक बहुधा उघडी पडते. इतर बहुतेक चुकांविषयी अशी खात्री देता येत नाही.

आता एकाहून अधिक पुरावे एकत्र आले म्हणजे काय करावे? येथे गुणाकाराचा नियम लावतात, आणि येथेच घाईने मोठमोठे आकडे निघतात. शिवजन्मतिथीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा उल्लेख आहे. जुन्या ज्युलियन गणनेने तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० येतो, सुधारलेल्या गणनेने १ मार्च. आणि वार दोन्ही गणनांत शुक्रवारच, कारण तारखा बदलल्या तरी वारांची माळ तुटलेली नाही. आता एखादा उत्साही लेखक म्हणेल की, संवत्सर जुळण्याचा संभव साठांत एक, वार जुळण्याचा सातांत एक, नक्षत्र जुळण्याचा सत्तावीसांत एक. तिहींचा गुणाकार ११,३४०. तेव्हा हे सर्व योगायोगाने जुळण्याचा संभव ११,३४० त एक.

हा गुणाकार चुकीचा आहे. संवत्सर हे शकावरूनच निघते. दक्षिणेकडील पद्धतीने शकात बारा मिळवून साठांनी भागावे व बाकी प्रभवापासून मोजावी : १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३, तिसरे संवत्सर शुक्ल. ज्याला शक ठाऊक त्याला संवत्सर आपोआप ठाऊक. तेव्हा शक लिहिणाऱ्याचे संवत्सर जुळले यात नवा पुरावा जवळजवळ शून्य. न जुळले तर मात्र तो शंकेस जागा देतो. नक्षत्राचेही तसेच. पौर्णिमेस चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून मासाचे नाव पडते. फाल्गुनी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी चंद्र हस्त किंवा त्याच्या शेजारच्या नक्षत्री असणार, मघा किंवा मूळ नक्षत्री कदापि नाही. सत्तावीसांतून एक नव्हे, दोन-तीनांतून एक एवढीच ती निवड. उरतो वार. तो तिथीवरून तोंडी काढता येत नाही, त्यास जंत्री लागते. म्हणून त्याचा सप्तमांश खरा. तीन साक्षीदार उभे दिसतात, त्यांतील एक पहिल्याची सावली व दुसरा निम्माशिम्मा सावलीच.

याच्या उलट बाजू अशी की, कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच दिली आहे. वर्षाच्या बारा मासांत तीस-तीस तिथी धरल्या तर ३६० तिथी. शकाविषयी काहीच वाद नाही असे मानले तरी एका ग्रंथातील तिथी दुसऱ्यातील तिथीशी निव्वळ योगायोगाने जुळण्याचा संभव ३६० त एक. हा आकडा सप्तमांशापेक्षा फार वजनदार आहे, पण तोही एकाच अटीवर : दोन्ही ग्रंथ परस्परांवरून किंवा तिसऱ्या एकाच टिपणावरून उतरलेले नसले पाहिजेत. एक महाराजांच्या आश्रयाचे संस्कृत काव्य, दुसरे एका देशमुखाच्या घरची मोडी शकावली. प्रकार, भाषा व हेतू सर्वच भिन्न. म्हणून आम्ही हा मेळ खरा मानतो. उत्तरकालीन बखरींत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया असे आढळते आणि ते अनेक ठिकाणी आढळते म्हणून ते बळकट, असा युक्तिवाद एके काळी होत असे. एका बखरीवरून चार बखरी उतरल्या तर साक्षीदार पाच होत नाहीत. एकच साक्षीदार पाच वेळा बोलतो.

आता आमच्या कागदाकडे परत येतो. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी कल्पिलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. असे समजा की, एका दप्तरात नकलांचे सत्तर कागद आहेत आणि सोयीसाठी असे धरू की, त्या सर्वांवरील तिथीस जंत्रीप्रमाणे बुधवार येतो. त्यांतील छप्पन्न अस्सलाच्या नकला, चौदा बनावट. अस्सलाच्या नकलांत आठांत एक वार नकलकाराच्या हातून बिघडतो. म्हणजे सात बिघडलेले, एकोणपन्नास शुद्ध. बिघडलेल्या सातांपैकी चार 'सौम्य'चा 'सोम' झाल्याने, तीन इतर कारणांनी. बनावट चौदांचे वार मनाने लिहिलेले, म्हणून साती वारांवर दोन-दोन.

| कागदावरील वार | अस्सलाची नक्कल | बनावट | एकूण |
|---|---|---|---|
| बुध | ४९ | २ | ५१ |
| सोम | ४ | २ | ६ |
| इतर पाच वार | ३ | १० | १३ |
| एकूण | ५६ | १४ | ७० |

कागद बनावट असता वार न जुळण्याची संभाव्यता पाहू : चौदांपैकी बारा, म्हणजे सातांत सहा. आमच्या मनात त्या दिवशी होता तो हा अपूर्णांक. तो चुकीचा नव्हता; तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता. आम्हांस विचारावयाचे होते ते असे : वार जुळत नाही असे दिसले असता कागद बनावट असण्याची संभाव्यता किती? न जुळणारे कागद सोम व इतर मिळून एकोणीस. त्यांत बनावट बारा, अस्सल सात. म्हणजे वार चुकलेला प्रत्येक कागद आम्ही फेकून देत गेलो तर एकोणिसांपैकी सात वेळा अस्सल लेख फेकू. आणि एवढ्यावरही थांबण्याचे कारण नाही. आमच्या कागदावरील वार नुसता 'चुकीचा' नव्हता, तो सोमवार होता. त्या ओळीत कागद सहा. अस्सल चार, बनावट दोन. म्हणजे जो पुरावा आम्ही कागदाविरुद्ध मानला तोच नीट वाचला असता कागद खोट्यापेक्षा खरा असण्याचा संभव दुप्पट ठरत होता. वार गुरुवार असता तर गोष्ट निराळी होती. त्या ओळीत तेरांपैकी तीनच अस्सल.

कोणी म्हणेल, आकडे तुम्हीच ठरविले, मग उत्तर हवे तसे काढता येईल. आक्षेप रास्त आहे. दप्तरात बनावट कागद चौदांऐवजी पस्तीस धरले तर सोमवारच्या ओळीत बनावट पाच व अस्सल चारापेक्षा कमी येतील आणि पारडे फिरेल. परंतु यावरून एवढेच निघते की, दप्तर कोणाचे, तेथे खोटे कागद करण्याचे कारण होते की नव्हते, नकलकाराचा हात कसा होता, हे पाहिल्यावाचून केवळ जंत्रीवरून निकाल देता येत नाही. आम्ही आकडे धरलेच नव्हते, असे म्हणून सुटका होत नाही. निकाल देताना नकलकार कधीच चुकत नाही असे आम्ही न बोलता धरले होते. बिघडलेल्या सातांच्या जागी शून्य मांडले होते. शून्याला कारण लागते, हे वर सांगितलेच आहे. या उलट्या संभाव्यतेचे गणित मांडणारा थॉमस बेज याचा निबंध त्याच्या पश्चात् १७६३ साली, पानिपतानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. तो आमच्या वाचनात आला असता तरी त्या दिवशी आम्ही तो स्मरला असता असे नाही.

आणखी एक शक्यता कोष्टकात नाही. बनावट करणारा हुशार असेल व त्याच्याजवळ जंत्री असेल तर त्याचा वार नेहमीच जुळेल. मोडकांची व खऱ्यांची जंत्री छापून सर्वांच्या हाती आल्यानंतर तयार झालेल्या कागदांत वार शुद्ध असणे हे प्रामाण्याचे लक्षण म्हणून फारसे उपयोगी नाही. वार शुद्ध व बाकी सर्व अशुद्ध असा कागद आला तर आम्ही तरी आता अधिकच जपून राहतो.

वरची पंधरा वर्षांची यादी जशीच्या तशी जुन्या कागदांस लावू नये, हेही सांगणे अवश्य आहे. शिवकाळी मेषसंक्रांत इंग्रजांच्या तत्कालीन ज्युलियन गणनेने मार्चाच्या अखेरीस पडे. त्यामुळे पाडवा सामान्यतः फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर येई, एप्रिलात येतच नसे. मार्च-एप्रिलाचे आमचे दोन्ही रकाने त्या काळी कोसळतात. इंग्रजांनी सुधारलेली गणना १७५२ मध्ये घेतली. तेव्हापासूनच्या इंग्रजी कागदांस निराळे कोष्टक हवे. मराठवाड्यातील कागदांत तर शकाच्या जोडीस फसली व हिजरी सन येतात, आणि चांद्र तारखेचा दिवस सूर्यास्तापासून मोजला की सूर्योदयापासून, यावरून वारात एकाचा फरक सहज पडतो. फसली सनात ५९० किंवा ५९१ व शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. मिळवावयाचा आकडा वर्षारंभाच्या अलीकडचा की पलीकडचा यावर अवलंबून. एका दिवसाच्या किंवा एका वर्षाच्या फरकाने न जुळणाऱ्या मितीस आम्ही म्हणून आता 'विसंवादी' असा शेरा मारतो, 'बनावट' असा नाही, आणि फरक किती व कोणत्या दिशेचा तो शेजारी टिपून ठेवतो. अशी टिपणे साठली म्हणजे नकलकारांच्या चुकांचे खरे कोष्टक करता येईल व वरच्यासारखे कल्पित आकडे घेण्याची पाळी येणार नाही.

आष्टीच्या त्या लेखाची आणखी एखादी नक्कल परतूर, मंठा किंवा सेलू भागात कोणाकडे असणे असंभवनीय नाही. देवस्थानच्या जमिनीच्या वाटण्यांचा, सौम्यवासरे किंवा सोमवासरे असा वार असलेला व शेवटी साक्षीदारांची नावे असलेला कागद कोणाच्या पाहण्यात आल्यास त्यांनी शेवटचा बंद तेवढा उतरून या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावा, अशी विनंती आहे. वार चुकलेला असला तरी चालेल.